लॅपटॉपचं वायफाय सुरूच होत नाही तेव्हा

इंदूरच्या रामबागेत किंवा नारायणबागेत लॅपटॉप उघडला, की शेजारपाजारच्या राउटरांची नावं यादीत येतात. यादी दिसते पण आपलं नेट जोडलं जात नाही, तर गडबड बहुधा पासवर्डात किंवा राउटरमध्ये. यादीच येत नसेल, वायफायचं बटण गायब असेल, तर राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही. दोष लॅपटॉपमध्ये आहे.

आधी एअरप्लेन मोड पाहा. कीबोर्डच्या वरच्या ओळीतली विमानाचं चित्र असलेली की नकळत दाबली जाते. काही जुन्या लॅपटॉपांना कडेला सरकतं बटण असतं, ते बॅगेत घासून सरकतं.

मग रीस्टार्ट. शटडाउन नव्हे! विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउनच्या वेळी ड्रायव्हरांची (म्हणजे कार्डासारखे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमांची) स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे रात्री अडकलेला ड्रायव्हर सकाळी अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने लोड होतं.

तेवढ्यानेही भागलं नाही, तर वीज पूर्ण तोडा. वायफाय कार्डात, म्हणजे लॅपटॉपमधल्या वायफायच्या भागात, स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि ड्रायव्हर त्यात फर्मवेअर, म्हणजे त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम, भरतो. कार्डाला वीज मिळत राहिली, तर लटकलेला प्रोसेसर रीस्टार्टनंतरही तसाच राहू शकतो. लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. फुकटचा उपाय आहे, पण बऱ्याचदा लागू पडतो.

आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या हार्डवेअरच्या यादीत, ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडा. कार्डावर पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ असेल, तर कार्ड सापडलंय, पण सुरू होत नाहीये. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून पुन्हा टाका. त्यासाठी नेट कुठून आणायचं? मोबाइल केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळेल. नंतर कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढून टाका. लॅपटॉप झोपेतून (स्लीपमधून) उठल्यावरच वायफाय जात असेल, तर दोषी बहुधा तीच.

डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत कार्डाचं नावच नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ते बंद आहे का बघा. नाहीतर ते सैल झालंय किंवा गेलंय. बऱ्याच लॅपटॉपांत ते २२ × ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूवर बसलेलं असतं आणि बदलता येतं. बोर्डवरच झाळलेलं असेल, तर यूएसबीत खोचायचं वायफायचं डोंगल घ्या.