शोधणं आणि निवडणं: टू-डू अ‍ॅपमधले सर्च आणि फिल्टर

नेरुळच्या एका आजींकडे आम्ही सहा आठवडे उशिरा पोचलो. काम साधं होतं, वॉटर प्युरिफायरचं मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारं पातळ पटल, बदलायचं. ते आमच्या टू-डू, म्हणजे कामांची यादी ठेवणाऱ्या, अ‍ॅपमध्ये तारखेसकट नोंदलेलंही होतं. तरी ते माझ्या डोळ्यांसमोर कधी आलंच नाही.

झालं असं, की दर महिन्याच्या सुरुवातीला मी अ‍ॅपच्या सर्चमध्ये ‘मेम्ब्रेन’ असं टाइप करायचे आणि जी यादी येईल ती आमच्या दोन्ही टेक्निशियन मुलांना वाटून द्यायचे. आजींचं काम त्यांच्यातल्या एकाने लिहिलं होतं, आणि तो लिहितो ‘मेंब्रेन’. तो अनुस्वार देतो, मी अर्धा म. वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच, अ‍ॅपला मात्र ते दोन निराळे शब्द. यादीत सात कामं आली आणि मी धरून चालले की सातच आहेत.

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. जे काम अ‍ॅपमधल्या फिल्टरचं होतं ते मी सर्चकडून करून घेत होते. दोन्हीतून शेवटी कामांची एक यादीच समोर येते, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. पण त्या दोन याद्यांवर ठेवायचा विश्वास वेगवेगळा आहे.

आपल्याकडे यासाठी दोन क्रियापदं आधीपासून आहेत. हरवलेली किल्ली आपण शोधतो. तांदूळ आपण निवडतो. किल्ली शोधताना ती आहे हे ठाऊक असतं, फक्त कुठे ठेवली ते आठवत नसतं. सापडली की शोध थांबतो. तांदूळ निवडताना ताटात किती खडे आहेत ते माहीत नसतं, म्हणून सगळं ताट नजरेखालून घालावं लागतं. सर्च म्हणजे शोधणं, फिल्टर म्हणजे निवडणं. ‘या महिन्यात कोणाकोणाचं मेम्ब्रेन बदलायचंय?’ हा प्रश्न निवडण्याचा होता.

आत काय चालतं तेही पाहू. सर्च तुम्ही टाइप केलेली अक्षरं घेतो आणि कामाच्या नावात, बऱ्याच अ‍ॅपमध्ये खालच्या टिपणांतही, ती अक्षरं शोधतो. अर्थ त्याला कळत नाही. फिल्टर मजकुराकडे बहुधा पाहतच नाही. तो कामाला जोडलेले रकाने पाहतो: तारीख, लेबल, प्राधान्य, कोणाकडे सोपवलंय, कुठल्या यादीत आहे. लेबल आपण दर वेळी नव्याने लिहीत नाही, तयार यादीतून बोटाने निवडतो. म्हणून स्पेलिंगचा घोळ तिथे शिरत नाही. अर्थात लेबलं बनवायचं काम एकाच माणसाकडे असलं पाहिजे. आमच्याकडे ते माझ्याकडे आहे, नाहीतर ‘मेंब्रेन’ आणि ‘मेम्ब्रेन’ अशी दोन लेबलं व्हायला वेळ लागत नाही.

मराठीत कामं लिहिणाऱ्यांनी हे जरा जास्तच मनावर घ्यायला हवं, कारण आपल्या लिपीत सर्च चुकायच्या जागा भरपूर आहेत. वीज बिल, विज बिल, लाईट बिल आणि लाइट बिल, चारही एकाच कामाची नावं. ‘ऑफिस’मधला ऑ काही कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून उमटतो, तर काही जण आ लिहून त्यावर चंद्र देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र त्यांचे संकेतांक वेगळे. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला ऱ्यासुद्धा युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. आकड्यांचंही तसंच: देवनागरी १० आणि इंग्रजी 10. एखादं अ‍ॅप हे फरक समजून घेत असेलही, पण त्या भरवशावर ग्राहकाला ताटकळत ठेवता येत नाही.

नवी मुंबईत यात आणखी एक भर पडते, ती सेक्टरची. सिडकोने शहर वसवताना प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या प्रत्येक उपनगराला, स्वतःचे सेक्टर दिले. त्यामुळे सेक्टर १० वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, कोपरखैरण्यात आहे, ऐरोलीत आहे आणि खारघरमध्येही आहे. आमचे कॉल, म्हणजे घरी जाऊन करायची कामं, ऐरोलीपासून खारघरपर्यंत असतात. सर्चमध्ये ‘सेक्टर १०’ टाकलं, की शहराच्या दोन टोकांची कामं एकाखाली एक येतात आणि नुसती ती यादी पाहून मुलगा निघाला तर दिवस रस्त्यातच जातो. ‘सेक्टर १’ टाकलं तर त्यात १०, ११, १७, १९ असे सगळे येतात, कारण त्या प्रत्येकात ‘सेक्टर १’ ही अक्षरं आहेतच. आता प्रत्येक कामाला नोडचं लेबल असतं. सकाळी नेरुळचा फिल्टर उघडायचा, मग सीवूड्सचा, मग बेलापूरचा. एक मुलगा त्या क्रमाने खाली सरकतो, दुसरा वाशीहून ऐरोलीकडे वर जातो.

फिल्टरची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: अटी एकदा लिहून ठेवल्या, की तो रोज ताजा होतो. टुडूइस्ट (Todoist) या टू-डू अ‍ॅपमध्ये या अटी चिन्हांनी जोडता येतात: & म्हणजे ‘आणि’, | म्हणजे ‘किंवा’, ! म्हणजे ‘हे सोडून’. ‘नेरुळ आणि (आजची किंवा तारीख उलटलेली)’ असा फिल्टर मी एकदाच केला. सोमवारी तो सोमवारची कामं दाखवतो, मंगळवारी मंगळवारची, आणि राहिलेलं काम आपोआप पुढच्या दिवशीच्या यादीत येतं. त्यातला कंस विसरू नका. तो नसेल, तर साऱ्या नवी मुंबईची थकलेली कामं नेरुळच्या यादीत घुसतात. आयफोनच्या रिमाइंडर्समध्येही २०२१च्या आयओएस १५पासून टॅग आले आणि आपल्या अटींची स्मार्ट लिस्ट बनवता येऊ लागली. वेगळं अ‍ॅप घ्यायचं नसेल तर एका माणसाच्या कामाला ती पुरते.

आता फिल्टरचे दोष, कारण तोही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखा नाही. रकाना रिकामा असेल तर फिल्टरच्या लेखी ते काम नाहीच. फोनवर बोलता बोलता घाईत ‘घणसोली, पाटील काका, पंप आवाज करतोय’ एवढंच लिहिलं, ना तारीख ना लेबल, तर ते काम आजच्या यादीत येणार नाही, घणसोलीच्या यादीतही येणार नाही. सर्चमध्ये ‘पंप’ टाकलं तर ते लगेच सापडेल, पण ते शोधायचं आहे हे आठवलं तर ना!

दुसरा दोष म्हणजे लावलेला फिल्टर तसाच राहून जाणं. एकदा दुपारी साडेबारालाच मुलाचा फोन आला, “ताई, आज तीनच कॉल होते का? माझे झाले सगळे.” मी म्हटलं, “अरे, नऊ दिलेत तुला.” तो म्हणतो, “नाही हो, तीनच दिसतायत.” आदल्या दिवशी त्याने फक्त तातडीची कामं पाहायला फिल्टर लावला होता, तो तसाच राहिला होता. उरलेली सहा कामं अ‍ॅपमध्येच होती, फक्त लपलेली. एक्सेलमध्ये काम केलेल्यांना हा अनुभव नवा नाही. सर्चमध्ये आपण टाइप केलेला शब्द वर दिसत राहतो, म्हणून असं सहसा होत नाही. फिल्टरचं चिन्ह कोपऱ्यात कुठेतरी बारीकसं असतं, ते पाहायची सवय लावावी लागते. तेव्हापासून सकाळी निघताना मुलं मला कामांचा आकडा सांगतात आणि मी माझ्या फोनवर तो ताडून पाहते.

दोघांची सरमिसळही होते, आणि गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. टुडूइस्टच्या फिल्टरमध्ये शब्द शोधायची अटही घालता येते, म्हणजे तो जपून ठेवलेला सर्च झाला. मायक्रोसॉफ्ट टू-डूमध्ये कामाच्या नावात हॅशटॅग लिहून त्यावर बोट ठेवलं, की त्याच हॅशटॅगची सगळी कामं समोर येतात. दिसायला तो फिल्टर, पण तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर चालणारा. तिथे हॅशटॅग एकाच पद्धतीने लिहिला गेला नाही, तर आजींसारखंच होणार.

एवढं बोलले म्हणून मी सर्च वापरत नाही असं नाही. दिवसात दहा वेळा वापरते. कोपरखैरण्याहून एक काका फोन करतात, “मागच्या वेळी पंप कधी बदलला होता हो, ताई? वॉरंटीत बसतो का बघा ना.” ते बोलत असतानाच मी आडनाव टाकते, झालेली कामंही दिसू देते, आणि टिपणात पंपाची तारीख मिळते. एक माणूस, एक यंत्र, एक माहिती. तिथे फिल्टर लावत बसणं म्हणजे एका किल्लीसाठी सगळं घर आवरायला काढणं.

रविवारी संध्याकाळी मात्र मी एक फिल्टर न चुकता उघडते: तारीख नसलेली कामं. पहिल्यांदा उघडला तेव्हा एकोणीस निघाली. त्यातली चार तर ग्राहकांनी एव्हाना दुसऱ्याकडून करून घेतली होती. उरलेल्या पंधरा जणांना मी त्याच रात्री एकेक करून फोन केले आणि प्रत्येक कामाला नोड आणि तारीख घातली.