फ्लेमिंगोचे पाण्यातले पाय

भरतीला ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येऊन उभे राहतात. हिवाळ्यापासून मेपर्यंत तिथे बघ्यांची गर्दी असते, आणि त्या गर्दीत आजी-आजोबांचं बोट धरून आलेली चार-पाच वर्षांची पोरं पुष्कळ. घरी गेल्यावर त्यातली एखादी नात खडू घेऊन बसते. गुलाबी पोट, वाकडी मान आणि खाली लांबच लांब दोन पाय, पार बोटांपर्यंत. वरून निळं पाणी फासलेलं. आजोबा चष्मा सारखा करत म्हणतात, "अगं, पाय तर पाण्यात होते. तुला दिसले का?" नात म्हणते, "दिसले नाहीत. पण होते ना, आबा!"

आबांनी इथे हार मानलेली बरी, कारण शास्त्र नातीच्या बाजूने आहे. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने आपल्या मुलीची चित्रं जपून ठेवली आणि १९१३ मध्ये त्यांवर सविस्तर लिहिलं. त्याचं म्हणणं असं की लहान मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही. त्या वस्तूबद्दल त्याला जे ठाऊक असतं ते काढतं. म्हणून चित्रातल्या घराच्या भिंतीतून आत जेवायला बसलेली माणसं दिसतात आणि बस एका बाजूने काढली तरी चारही चाकं हजर असतात. १९७२ साली नॉर्मन फ्रीमन यांनी सहकाऱ्यासोबत याची एक साधी परीक्षा घेतली. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर एक कप ठेवला. कपाचा कान मागच्या बाजूला वळवलेला, म्हणजे मुलांना न दिसणारा. पुढच्या बाजूला मात्र एक फूल, स्पष्ट दिसणारं. दिसतो तसा कप काढायला सांगितल्यावर धाकट्या मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोरचं फूल गाळलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांचं उलट झालं. धाकट्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं: फूल नसलं तरी कप कपच राहतो, कान नसला तर तो पेला होतो.

तेव्हा "असं नसतं बाळा, आण इकडे" म्हणून खोडरबर उचलणारे आजोबा चित्र सुधारत नसतात, मुलाने मांडलेली माहिती पुसत असतात. खोडरबर असावं, पण मुलाच्या ताब्यात.

याच्याही आधीचा काळ रेघोट्यांचा. त्या काळात घराच्या भिंती धोक्यात असतात आणि सूनबाई व सासूबाई यांच्यात मतभेद. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बालवाडी चालवणाऱ्या ऱ्होडा केलॉग यांनी मुलांची दहा लाखांच्या आसपास चित्रं जमवली आणि दिसायला गिचमिड वाटणाऱ्या रेघोट्यांचे २० मूळ प्रकार वेगळे काढले. ठिपके, उभ्या-आडव्या रेघा, नागमोडी, गुंतवळ, वर्तुळ. पुढे त्या वर्तुळालाच डोळे फुटतात आणि थेट त्यातूनच पाय निघतात, धड गायब. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांची माणसं जगभर अशी बेडूकमाशासारखी असतात. पोट असतं हे पोराला माहीत नसतं असं नाही. "याची बेंबी कुठाय?" विचारून बघा, वर्तुळात नाहीतर दोन पायांच्या मध्ये कुठेतरी ते बोट ठेवेलच.

रेघोट्यांना नाव मागाहून मिळतं, हेही ल्युकेनेच टिपलं होतं. आधी हात फिरतो, मग कागदाकडे बघून मूल ठरवतं की ही गाडी. दहा मिनिटांनी तोच कागद पाऊस होतो. त्यामुळे "हे काय काढलंस?" हा प्रश्न दोन वर्षांच्या मुलाला उगाच पेचात टाकतो. "सांग ना मला याबद्दल" म्हटलं की गोष्ट सुरू होते.

हाताचंही लक्षात घ्यायला हवं. मनगटात ८ छोटी हाडं असतात, पण नवजात बाळाच्या एक्स-रेमध्ये त्यातलं एकही दिसत नाही, कारण तिथे अजून नुसती कूर्चा असते. पहिली दोन हाडं पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात, शेवटचं दिसायला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. हालचालींवरचा ताबाही खांद्याकडून कोपराकडे, मग मनगटाकडे आणि शेवटी बोटांकडे असा सरकत येतो. दोन वर्षांचं मूल खांद्यातून चित्र काढतं. त्याला चिमुकली चित्रवही आणि टोकदार पेन्सिल देणं म्हणजे छळ. जमिनीवर पसरलेले मोठाले पाठकोरे कागद आणि जाड खडू बरे. तीन बोटांची पकड चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बहुतेकांची आपोआप बसते. त्याआधी मुठीत खडू धरला म्हणून बोटं वाकवत बसू नये.

आता बक्षिसांकडे वळू, कारण माझा खरा राग तिथे आहे. घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या गृहसंकुलात गणपतीत फलक लागतो: चित्रकला व रंगभरण स्पर्धा, गट अ, वय ३ ते ५. पहिल्या तिघांना करंडक, बाकीच्यांना प्रमाणपत्र. आजी-आजोबा हौसेने नाव नोंदवतात. तीन वर्षांचं मूल मांडी घालून दुसऱ्याने छापलेल्या मोदकात रेघेबाहेर न जाता रंग भरतं, आणि मागे उभे राहून सगळे कुजबुजत सूचना करतात.

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ५१ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुद्दाम निवडलेली ही मुलं, स्केचपेनने चित्रं काढायला स्वतःहून धावणारी. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि लाल रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही न सांगता चित्रानंतर तेच प्रशस्तिपत्र दिलं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले आणि मोकळ्या वेळात कोण किती वेळ चित्रं काढतं हे लपून पाहिलं. काहीच न मिळालेल्यांनी सुमारे १७ टक्के वेळ चित्रांना दिला, अचानक बक्षीस मिळालेल्यांनी १८ टक्के, आणि बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्यांनी जेमतेम ९ टक्के. शिवाय बोलीवर काढलेली चित्रं परीक्षकांना दर्जानेही कमी वाटली. खेळ म्हणून चाललेलं काम मजुरीचं झालं की मजुरीशिवाय ते करायचं कशाला, असा मुलाच्या मनाचा हिशोब लागतो. १९९९ मध्ये अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हाही हेच दिसलं: आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने आतली आवड घटते, आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त.

या प्रयोगात आजोबांसाठी एक सुटकेची वाट आहेच. अचानक दिलेल्या बक्षिसाने काही बिघडलं नव्हतं. चित्र झाल्यावर, आधी न सांगता, खाली जाऊन कुल्फी आणायला हरकत नाही. रोज मात्र नको. रोजची कुल्फी अचानक राहत नाही.

कौतुकाचं काय? तेही जपून, पण कंजूषपणाने नको. २००७ मध्ये आंद्रेई चिंपियन, कॅरोल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांशी बाहुल्यांचा खेळ मांडला. बाहुलीरूपी शिक्षिका काही मुलांना म्हणाली, तू छान चित्रकार आहेस. काहींना म्हणाली, हे चित्र तू छान काढलंस. तोवर सगळी सारखीच खूश होती. मग खेळातच चित्रात चूक झाली आणि शिक्षिकेने ती दाखवली. छान चित्रकार ठरलेली मुलं जास्त खचली, पुन्हा चित्र काढायला कमी उत्सुक राहिली. त्यांच्या लेखी चित्र बिघडलं म्हणजे आपलं चित्रकारपणच गेलं. "आमची परी म्हणजे मोठी चित्रकारच होणार हो!" हे पाहुण्यांसमोरचं वाक्य त्यामुळे मागे ठेवावं. "हा जांभळा कुठून मिळाला तुला? दोन रंग मिसळलेस का?" एवढं विचारलं तरी पोरगी फुलते.

मुलांना काही शिकवूच नये, नुसतं सोडून द्यावं, असंही एक मत आहे. मला ते पटत नाही. उंबऱ्याशी बसून आजी ठिपक्यांची रांगोळी काढते तेव्हा शेजारी बसलेलं मूल चिमटीतून रांगोळी सोडणं, ठिपके मोजणं, रेघ वळवणं असं बरंच काही उचलतं, आणि आजीने त्याची रेघ सुधारलेली नसते. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात वारली मुलींनी घरच्या बायकांना गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिताना पाहिलं, तेही असंच. फ्रान्समधल्या रूफिन्याक गुहेत तर याचा फार जुना पुरावा आहे. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी माणसांनी तिथल्या भिंतींच्या मऊ थरावर बोटांनी रेघा ओढल्या. केव्हिन शार्प आणि लेस्ली व्हॅन गेल्डर यांनी त्या रेघांची रुंदी मोजली, तेव्हा काही बोटं पाचेक वर्षांच्या मुलांची निघाली. काही रेघा थेट छतावर आहेत. तिथवर मुलाचा हात पोचायचा तर कुणीतरी त्याला उचलून धरलेलं असणार.

नऊ-दहाव्या वर्षी वारं फिरतं. कपाचा न दिसणारा कान आता मूल काढत नाही, आणि स्वतःच्या चित्रातली चूक त्याला मोठ्यांआधी दिसते. "मला येत नाही" म्हणून वह्या बंद होतात त्या याच सुमारास. आता मात्र शिकवावं: लांबचं लहान कसं दिसतं, सावली कुठे पडते. पुढे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसायचं की नाही हे पोराला ठरवू द्यावं. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून घातलेलं मूल गुण मिळाले की ब्रश ठेवून देतं, हे घरोघरी दिसतं. कारण वर आलंच आहे.

आणि "आम्हाला कुठे चित्र येतं?" म्हणणाऱ्या आजी-आजोबांसाठी कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातलं काम. जेफ्री वॅम्स, मेलिसा मीड आणि मायरा फर्नांडिस यांनी लोकांना शब्द दिले. काही शब्द लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. चित्र काढलेले शब्द नंतर जास्त आठवले, अगदी चार सेकंदांत खरडलेलं चित्र असलं तरी. चित्र चांगलं की वाईट याने फरक पडला नाही. २०१८ मध्ये हाच प्रयोग ज्येष्ठांवर झाला आणि त्यांनाही भरपूर फायदा दिसला. तेव्हा जांभळी नाक्याच्या मंडईत जाण्याआधी भाजीची यादी नातीच्या शेजारी बसून चित्रांनी काढावी. दुधी सोपा आहे, वांगंही जमतं. मेथी आणि कोथिंबीर कागदावर वेगळी दाखवताना पंचाईत होते. तिथे नातीला विचारावं. मेथीच्या एका देठाला तीन-तीन पानं असतात, हे निवडताना तिने बहुधा पाहून ठेवलेलं असतं.