अस्थिसुषिरता

अस्थिसुषिरता म्हणजे हाडांतील घनद्रव्य घटून त्यांची आतली जाळीदार रचना विरळ होणे आणि त्यामुळे किरकोळ आघातानेही हाड मोडेल इतका ठिसूळपणा येणे. व्यवहारात ऑस्टिओपोरोसिस हेच नाव अधिक चालते. सुषिर म्हणजे छिद्रे असलेले, पोकळ. बासरीला सुषिर वाद्य म्हणतात ते याच अर्थाने. दवाखान्यात मात्र ‘हाडांची झीज’ हा शब्द ऐकू येतो, आणि गुडघ्याच्या संधिवातालाही झीजच म्हणत असल्यामुळे दोन निराळे विकार एकच समजले जातात. संधिवातात सांध्यातील कूर्चा झिजते व सांधा दुखतो. अस्थिसुषिरतेत हाड मोडेपर्यंत बहुधा काहीच दुखत नाही.

हाड ही जिवंत ऊती आहे. काही पेशी जुने हाड पोखरतात, तर काही त्या जागी नवे हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. तिशीच्या सुमारास हाडांचा साठा सर्वाधिक असतो, पुढे तो हळूहळू उतरतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्यामुळे पोखरण्याचा वेग एकदम वाढतो, म्हणून हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. पुरुषांना तो होत नाही असे मात्र नाही. त्यांच्यात तो उशिरा होतो आणि बहुधा उशिराच ओळखला जातो.

वाढते वय, कमी वजन, आई किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडलेले असणे, धूम्रपान, अतिमद्यपान, संधिवाताभ संधिशोथ (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस), थायरॉइडचा अतिस्राव आणि दमा वा त्वचारोगासाठी महिनोन्‌महिने पोटात घेतलेली स्टेरॉइडे ही ठळक जोखमीची कारणे होत. त्यांत महाराष्ट्राने विशेष लक्ष द्यावे असे एक कारण म्हणजे अकाली रजोनिवृत्ती. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले, तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. ते ठेवले तरी ती काहीशी लवकर येण्याचा संभव असतो. ऐन तिशीत ही शस्त्रक्रिया झालेली स्त्री पुढेही डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत राहते. चर्चा शस्त्रक्रियांची पुष्कळ झाली. त्या स्त्रियांच्या हाडांची त्या मानाने फारच थोडी.

या विकारात मनगट, मणके आणि खुबा ही हाडे प्रामुख्याने मोडतात. मणक्याचा भंग कित्येकदा कळतही नाही. तो दबून पाचरीसारखा होतो, पाठीला पोक येते आणि उंची घटते. फडताळाचा वरचा कप्पा हाताला येईनासा होतो, नेहमीसारखी नेसलेली साडी पायात येऊ लागते, आणि घरातले त्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. खुब्याचा भंग सर्वांत गंभीर असून त्यानंतर वर्षभरात दगावणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे आहे.

निदानासाठी खुबा व कंबरेचे मणके यांची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी, तपासणी करतात. निरोगी तरुण व्यक्तीच्या सरासरीशी तुलना करून येणाऱ्या अंकाला टी-स्कोअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास अस्थिसुषिरता, तर उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान असल्यास अस्थिक्षीणता मानतात. साधी पडझड होऊन खुबा किंवा मणका मोडला असेल, तर अंक काहीही असो, निदान बहुधा तेवढ्यावरही होते. मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून दिलेला अंक हा केवळ इशारा असतो. साध्या क्ष-किरण चित्रात विरळपणा दिसेपर्यंत बरेच हाड गेलेले असते. ‘रक्तात कॅल्शियम ठीक आहे, म्हणजे हाडे ठीक आहेत’ हा समजही चुकीचा आहे, कारण रक्तातील पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतूनच कॅल्शियम उचलते. ड जीवनसत्त्वाच्या अभावी होणारी अस्थिमृदुता हा वेगळा विकार असून भारतात ती वगळल्याशिवाय उपचार ठरवू नयेत.

प्रौढांना रोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, दही, नाचणी आणि तीळ हे त्याचे घरगुती स्रोत आहेत. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. पण विकार जडल्यावर केवळ कॅल्शियमच्या गोळ्या पुरत नाहीत. ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे न होणे आवश्यक असते. चहाबरोबर घेतली तर ती जवळजवळ वाया जाते. झोलेड्रोनिक आम्ल वर्षातून एकदा शिरेतून देतात. सहामाही डेनोसुमॅब इंजेक्शन मध्येच बंद केल्यास मणके पटापट मोडण्याचा धोका असल्यामुळे ते थांबवताना दुसरे औषध सुरू करावे लागते. फार ठिसूळ हाडांसाठी नवे हाड घडवणारे टेरिपॅराटाइड रोज टोचतात.

औषधांइतकेच पडणे टाळण्याला महत्त्व आहे. न्हाणीघरातील ओली फरशी, रात्री उठताना अंधारात लागणारा उंबरठा, न काढलेला मोतीबिंदू आणि झोपेच्या गोळ्यांची गुंगी ही पडण्याची नेहमीची कारणे. चालणे व तोल सावरण्याचे व्यायाम उपयुक्त ठरतात. मात्र मणके विरळ झालेल्या व्यक्तीने कमरेत वाकून भरलेली बादली किंवा कळशी उचलू नये, आणि योगासनांतील पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने टाळावीत.