किमान उपकरण यादी (खासगी विमाने)

एखादे उपकरण बिघडलेले असतानाही विमान कायदेशीरपणे उडवता यावे, यासाठी नियामकाकडून आधीच मंजूर करून घेतलेला दस्तऐवज. वैमानिक आणि अभियंते त्याला ‘एमईएल’ म्हणतात. भारतात मंजुरी देण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए). विमानात बसवलेले सगळे चालू असले पाहिजे हे मूळ तत्त्व. एमईएल ही त्यातली मोजूनमापून दिलेली सवलत.

यादीत नाव नाही म्हणजे ती वस्तू बंद असली तरी चालते, असा समज सर्रास आढळतो. खरे तर नेमके उलटे आहे. पंख, सुकाणू, इंजिन यांची नावे यादीत नसतात, कारण त्यांच्याशिवाय उडण्याचा प्रश्नच येत नाही. उड्डाणयोग्यतेशी संबंध असलेली आणि यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट चालू हवी.

मंजुरीची सुरुवात ‘मास्टर’ यादीपासून (एमएमईएल) होते. ती विमानाच्या प्रकारासाठी असते आणि ज्या देशात विमानाची रचना झाली तिथला नियामक ती मान्य करतो: बीचक्राफ्टच्या विमानांसाठी अमेरिकेचे एफएए, फ्रान्सच्या दासो कंपनीच्या विमानांसाठी युरोपचे ईएएसए. तिच्या आधारे विमानमालकाने आपल्या विमानापुरती यादी तयार करायची. आपल्या विमानात नसलेली उपकरणे वगळायची, नंतर बसवलेली तपासून घ्यायची, भारतीय नियमांशी मेळ घालायचा. मास्टर यादीपेक्षा कडक होता येते, सैल होता येत नाही. काही नोंदींपुढे ‘एम’ किंवा ‘ओ’ हे अक्षर असते: पहिल्यात देखभालीचे काम आधी करायचे असते, दुसऱ्यात वैमानिकाने पाळायची कार्यपद्धती. मास्टर यादीत बहुधा नुसते अक्षर असते. प्रत्यक्ष कृती मालकाने लिहायची. एकच विमान बाळगणाऱ्या मालकाचे घोडे बहुतेक वेळा इथेच अडते, कारण विमान कंपनीकडे असतो तसा तांत्रिक विभाग त्याच्याकडे नसतो.

मराठवाड्यात या कागदाला वेगळेच वजन येते. छत्रपती संभाजीनगर (चिकलठाणा), नांदेड, लातूर इथे धावपट्ट्या आहेत. पण त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचा परवानाधारक अभियंता आणि सुटा भाग बहुधा मुंबई, पुणे किंवा हैदराबादहून मागवावा लागतो. समजा, पाहुण्यांना घेऊन नांदेडला उतरलेल्या विमानाचा लँडिंग लाइट गेला. यादीत ‘फक्त दिवसा उड्डाण’ अशी अट असेल, तर सूर्यास्ताआधी परतीचे गणित जुळवायचे, नाहीतर मुक्काम. जेवणावळ लांबली ही सबब चालत नाही. हवामान रडारचेही तसेच. मार्गावर गडगडाटी ढगांचा अंदाज नसेल तर अनेक याद्या ते बंद ठेवू देतात. जानेवारीत ही अट नावापुरतीच असते. जूनच्या दुपारी लातूरच्या आभाळात तीच अट विमान जमिनीवर खिळवते. २०१५ आणि २०१९ मध्ये चिकलठाण्याहून कृत्रिम पावसासाठी उडालेली विमाने खासगी वर्गातली नव्हती, पण मुद्दा त्यांच्यावरून चांगला कळतो. ज्यांना मुद्दाम ढगांतच शिरायचे आहे, त्यांना ‘बर्फ साचण्याची शक्यता नसेल तर’ या शब्दांत दिलेली सवलत असून नसल्यासारखीच.

बिघाडाला बोलीत ‘स्नॅग’ म्हणतात. तो टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) लिहायचा, यादीतला क्रमांक नोंदवायचा, संबंधित बटणाजवळ किंवा मापकावर ‘बंद’ अशी चिठ्ठी लावायची आणि दुरुस्तीची मुदत मोजायची. मुदतीनुसार यादीतल्या नोंदींचे चार वर्ग असतात. ‘अ’ वर्गाची मुदत त्या-त्या नोंदीतच दिलेली असते. ‘ब’ वर्गाला ३, ‘क’ला १० आणि ‘ड’ला १२० दिवस मिळतात. बिघाड सापडला तो दिवस धरत नाहीत: सोमवारी नोंदवलेला ‘ब’ वर्गाचा स्नॅग गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत दुरुस्त व्हायला हवा. दोन स्नॅग एकदम असतील तर त्यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो हे यादी सांगत नाही. तो विचार कॅप्टननेच करायचा, आणि यादी परवानगी देत असली तरी ‘मी नेणार नाही’ म्हणण्याचा हक्क त्याला असतो. समोर बसलेला मालकच पगार देत असतो, तेव्हा हा हक्क बजावणे सोपे नसते.

सगळे देश एका मापाने मोजत नाहीत. अमेरिकेत खासगी मालकाला परवानगीपत्र मिळाले की ते पत्र आणि मास्टर यादी मिळूनच त्याची एमईएल होते. शिवाय टर्बाइन इंजिन (जेट किंवा टर्बोप्रॉप) नसलेल्या छोट्या विमानांना ठरावीक अटींवर यादीविनाही बिघडलेली वस्तू बंद करून, चिठ्ठी लावून उडता येते. युरोपात बिगर-व्यावसायिक छोट्या विमानाची यादी नियामकाला कळवली तरी पुरते. जटिल (साधारणपणे मोठ्या किंवा जेट) विमानांना मात्र मंजुरी लागते.

विमान स्वतःच्या शक्तीने उड्डाणासाठी हलू लागेपर्यंतच यादीचा अंमल. पुढे घडलेल्या बिघाडासाठी उड्डाण पुस्तिका. यादीत न बसणारा बिघाड झाला तर विमान दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्यासाठी वेगळा विशेष उड्डाण परवाना मागावा लागतो. त्यात आवश्यक तेवढेच कर्मचारी बसू शकतात. प्रवाशांनी देवगिरी एक्सप्रेस पकडावी.