दाद चारचौघांत, दुरुस्ती एकांतात : हौशी कवींच्या अभिप्रायांची पार्श्वभूमी

कविता फोनवर लिहिली जाते, लिहिल्याबरोबर शे-दोनशे लोकांपुढे जाते आणि मिनिटाभरात तिच्याखाली 'वाह', 'अप्रतिम', 'निःशब्द' अशी रांग लागते. मग एखादा जण लिहितो, 'दुसऱ्या कडव्यात वृत्त सुटलंय.' कवी दुखावतो, मित्र धावून येतात, 'भावना महत्त्वाची, मात्रा नव्हे' असं कोणीतरी बजावतं आणि वृत्ताचा मुद्दा तसाच पडून राहतो. हौशी कवींच्या कुठल्याही गटात वावरलेल्या माणसाला हा क्रम पाठ असतो. त्याचं खापर कधी नव्या कवींच्या हळवेपणावर फुटतं, तर कधी चूक काढणाऱ्याच्या उद्धटपणावर. मला दोन्ही पटत नाही, कारण मूळ बरंच जुनं आहे. आपल्याकडे कवितेला दाद देण्याची जागा आणि कविता दुरुस्त करण्याची जागा पिढ्यानपिढ्या वेगवेगळ्या होत्या. दाद चारचौघांत मिळायची, दुरुस्ती एकांतात व्हायची. आज दोन्ही एकाच जागी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतात.

कविता पारखून घेणं मराठीला नवीन नाही. दासबोधाच्या चौदाव्या दशकात समर्थांनी कवित्वकळेवर आख्खा समास लिहिला आणि कवित्वाचे तीन प्रकार केले : ढीट, पाठ आणि प्रासादिक. मनात आलं ते धीटपणे जुळवून टाकलं, ते ढीट. पुष्कळ वाचलं आणि त्याच्यासारखंच आपणही केलं, ते पाठ. प्रासादिक कवित्वाचं मोजमाप त्यांनी अर्थातच भक्तीत शोधलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या पहिल्या वहीतल्या कविता पहिल्या दोन प्रकारांत चपखल बसतात. सतराव्या शतकातल्या या समासात कवितेतल्या उणिवा स्पष्ट सांगितल्या आहेत, पण कुणा कवीचं नाव घेऊन नाही. दोष प्रकाराचा सांगितला. आपली कविता त्यात बसते का, हे ज्याचं त्यानं पाहायचं.

जात्यावरच्या ओवीचं तंत्र याहून वेगळं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. न आवडलेल्या ओळीला कोणी नावं ठेवत नसे. ती पुढच्या पहाटे कुणाच्या तोंडी आली नाही, की तिचा निकाल लागलेला असे. टिकलेल्या ओव्या अशा शेकडो तोंडांतून घासून आलेल्या आहेत. मात्र या रीतीत 'ही कविता आहे' असं सांगणारं कोणी नसायचं. बहिणाबाई चौधरी आयुष्यभर गाणी रचत राहिल्या, त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, तरीही ती गाणी आचार्य अत्र्यांच्या कानावर पडली ती बहिणाबाई गेल्यावर. अत्र्यांनी त्यांना बावनकशी सोनं म्हटलं. बहिणाबाईंचं निधन १९५१ मधलं, पुस्तक १९५२ मधलं. हौशी कवीला अभिप्राय कशासाठी हवा असतो असा प्रश्न कोणी विचारला, की मला या दोन सालांमधलं अंतर आठवतं. चुका कळणं ही नंतरची गोष्ट. आधी कोणीतरी नीट ऐकून घेतलं पाहिजे.

छापील जगात हे ऐकून घेण्याचं काम आधी मासिकांनी केलं. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस १८८७ पासून 'काव्यरत्नावली' काढत होते. हे मासिक कवितेलाच वाहिलेलं होतं. फडणीसांच्याच पुढाकारानं १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. तिथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलानं कविता म्हटल्या आणि अध्यक्ष कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. एका कोवळ्या कवीला भर सभेत मिळालेल्या दादेचं मराठीतलं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. पुढे ठोंबरे अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले. टिळक स्वतः कवी, त्यामुळे कविता हा त्या घरातला रोजचा विषय. सभेनं नाव दिलं, पण रोज कान देणारं माणूस घरात मिळालं, हेही तितकंच मोलाचं होतं.

पुण्यात १९२३ च्या सुमारास जमलेलं रविकिरण मंडळ हा आजच्या कवींच्या गटांचा सर्वांत जवळचा पूर्वज. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, माडखोलकर, दिवाकर अशी मंडळी रविवारी चहाला जमत आणि एकमेकांच्या रचना ऐकत. म्हणून त्या बैठकीला 'सन-टी क्लब' असंही नाव पडलं. दोन गोष्टींमुळे ही बैठक मला महत्त्वाची वाटते. पहिली, सगळे एकाच पातळीवर होते. प्रत्येकाची कविता मेजावर यायची, नुसता परीक्षक म्हणून कोणी बसलेलं नव्हतं. दुसरी, त्यांच्यात माधव जूलियन होते. फारसीचे प्राध्यापक, 'छंदोरचना' लिहून मराठी वृत्तांचा हिशेब मांडणारा माणूस. असा जाणकार शेजारी असला, की 'ही ओळ मला खटकते' आणि 'या ओळीत एक मात्रा जास्त आहे' यांतला फरक सगळ्यांना समजतो.

याच मंडळानं कविता चालीवर म्हणून दाखवण्याची प्रथा गावोगाव नेली. त्यानं कविता घराघरांत पोचली, हे निर्विवाद. पण गोड गळ्यात ढिली ओळही खपून जाते, हेही त्याच वेळी दिसू लागलं. या काळातल्या कवींच्या लकबींवर अत्र्यांनी केशवकुमार या नावानं विडंबनं लिहिली आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. विडंबन हाही अभिप्रायच, आणि अत्र्यांची नजर अचूक होती. पण ज्याच्यावर सगळं गाव हसतं, त्याला आपल्या कवितेत नक्की काय बदलायचं ते त्या हशातून कळत नाही.

पुढच्या पिढीत दुरुस्तीची सगळ्यांत कसून चाललेली जागा म्हणजे संपादकाचं पत्र. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी आलेल्या मजकुरावर लेखकांशी केलेला पत्रव्यवहार हा मराठी साहित्यातला एक वेगळाच अध्याय आहे. हा शब्द का, हा शेवट इथेच का, अशी विचारपूस होई आणि लेखक पुन्हा लिहायला बसत. ज्यांना 'साभार परत' आलं, त्यांचा अनुभव अर्थात वेगळा होता. एकाच मासिकाची अभिरुची साऱ्या मराठी साहित्याचं माप कशी होऊ शकते, असा सवाल लघुनियतकालिकांच्या तरुणांनी केला आणि १९६९ मध्ये 'सत्यकथे'चे अंक जाळण्यापर्यंत गोष्ट गेली. त्यांचा राग मला रास्त वाटतो. ज्या जगण्याची भाषाच संपादकाच्या कानाला परकी होती, त्या जगण्याची कविता त्याच्या पत्रानं सुधारणार तरी कशी? पण १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली, तेव्हा दारावरच्या पहाऱ्याबरोबर ते पत्रही गेलं. दारं उघडली हे उत्तम झालं. बारकाईनं वाचून चार ओळी लिहून पाठवणारं माणूस मात्र तेवढ्या सहजासहजी पुन्हा मिळालं नाही.

अपवाद गझलेचा. तिथे दुरुस्तीची रीत उर्दूतून तयारच आली होती. तिला इस्लाह म्हणतात. शागिर्दानं रचना उस्तादाकडे पाठवायची, उस्तादानं तिच्यावर खुणा करून, एखादा शब्द बदलून परत करायची. गालिबनं हरगोपाल तफ्ता यांना लिहिलेल्या पत्रांत अशी दुरुस्ती जागोजाग दिसते. दाग देहलवी हैदराबादला निजामाचे उस्ताद होते, तेव्हा तरुण इक्बाल आपल्या गझला टपालानं त्यांच्याकडे पाठवत. थोड्याच काळात दाग यांनी कळवलं, की आता सुधारण्यासारखं फारसं उरलेलं नाही. दाग १९०५ साली हैदराबादेतच वारले. ज्या राज्याच्या राजधानीत हे चाललं होतं, त्याच राज्यात तेव्हा मराठवाडाही होता; आणि औरंगाबादला तर वली आणि सिराज या उर्दू कवींपासूनची गझलेची परंपरा.

इस्लाहचा एक नियम कुठे लिहिलेला नसेल, पण सगळे पाळत : उस्तादानं बदललेला शब्द शागिर्दाच्याच नावावर जातो. मुशायऱ्यात शेर म्हणताना शागिर्द 'हा शब्द उस्तादांचा' असं सांगत बसत नाही आणि उस्तादही ते सांगत नाही. दुरुस्ती कागदावर राहते, दाद शागिर्दाला मिळते.

मराठीत ही रीत रुजवली ती सुरेश भटांनी. माधव जूलियन यांची 'गज्जलांजली' १९३३ ची. तरीही गझलेचं तंत्र नवोदितांच्या हातात नेमकेपणानं पडलं ते भटांच्या 'गझलेची बाराखडी'मुळे. काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द), अलामत (यमकातला न बदलणारा स्वर), मतला (गझलेचा पहिला शेर) हे सगळं त्यांनी सोप्या मराठीत मांडलं आणि पत्रांतून अनेकांच्या रचना तपासल्या. आजही गझल लिहिणाऱ्यांच्या गटांत चूक दाखवणं त्यामानानं सोपं जातं, ते या बाराखडीमुळे. कोणाच्या प्रतिभेवर बोट न ठेवता ओळीवर बोट ठेवता येतं.

ते कसं, हे दाखवण्यापुरता एक मतला इथे रचतो. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लघू-गुरू-गुरू चार वेळा. नवख्या कवीनं लिहिलं :

तुझ्या अंगणी चांदणे दाट झाले
मला वाटले कोणीतरी आले

पहिली ओळ बिनचूक आहे. 'तुझ्या'तला 'तु' जोडाक्षराच्या आधी येऊनही लघूच राहतो, कारण मराठी उच्चारात तिथे आघात येत नाही. यावर नवख्यांची हमखास गल्लत होते. दुसऱ्या ओळीत 'मला वाटले को' इथपर्यंत सगळं ठीक. तिसऱ्या गणाची, म्हणजे तीन अक्षरांच्या तुकड्याची, सुरुवात लघूनं व्हायला हवी, तिथे दीर्घ 'णी' आला आणि ओळ एका अक्षरानं तोकडीही पडली. 'मला वाटले कोण दारात आले' केलं, की वृत्त बसतं. पुढच्या शेरांत 'न्हाले', 'प्याले' चालतील, 'गेले' चालणार नाही, कारण मतल्यानं 'ले'च्या आधीचा 'आ' बांधून दिला आहे. इथवरचं सगळं मोजता येतं. खरा अभिप्राय याच्या पुढे सुरू होतो : चांदणं दाट झालं म्हणून कोणी आल्यासारखं का वाटावं? 'कोणीतरी'मधली अनिश्चितता 'कोण दारात'मध्ये टिकली का? वृत्त सांभाळताना कवीच्या मनातलं काही सांडलं असेल, तर दुरुस्ती अजून पुरी झालेली नाही. मात्रा मोजून थांबणारा माणूस निम्मं काम करून उठतो, आणि गझलेच्या गटांत असे लोक बरेच आहेत, हे खेदानं नमूद करायला हवं.

मुक्तछंदात अडचण उलटी. कवी अनिल यांनी मराठीत मुक्तछंद आणला. त्यांचं 'भग्नमूर्ती' १९४० चं. मर्ढेकरांनंतर कवितेची सगळी घडणच बदलली. आज हौशी कवी बहुतांशी मुक्तछंदात लिहितो आणि त्याच्या कवितेविषयी बोलायला आपल्याकडे सामायिक परिभाषा जवळपास नाही. ओळ इथे का तोडली, तिसरी प्रतिमा पहिल्या दोघींना मारक ठरते का, शेवटच्या दोन ओळी आधीचंच पुन्हा सांगतात का, असे प्रश्न विचारता येतात. शाळेत ते कोणी शिकवलेले नसतात. तिथे आपण कवितेचा भावार्थ लिहिला आणि रसग्रहण केलं, तेही मान्यवर कवींचं. कच्च्या कवितेजवळ बसायची सवय कुणालाच लागली नाही. मग उरतं ते 'भावली' किंवा 'भिडली नाही'. यातलं दुसरं कवीला थेट आपल्या अनुभवावर घेतलेला संशय वाटतो. वडिलांच्या आजारपणावर लिहिलेली कविता 'भिडली नाही' असं वाचल्यावर कुणालाही लागेलच.

आता मूळ मुद्द्याकडे. मुशायरा किंवा काव्यमैफल ही दादेची जागा होती. तिथे 'वाहवा', 'क्या बात है', 'पुन्हा एकदा' एवढंच बोलायचं असे आणि आवडलं नाही तर गप्प बसणं हाही संकेत होता. टिळकांचं घर, रविवारचा चहा, संपादकाचं पत्र, उस्तादाचा कागद या दुरुस्तीच्या जागा होत्या. आज या दोन्ही जागांची भिंत पडली आहे. जो 'वाह' लिहितो तो मैफलीतला श्रोता असतो, जो मात्रा मोजतो तो स्वतःला उस्ताद किंवा संपादक समजतो, आणि दोघेही एकाच कवितेखाली, एकाच गर्दीत. श्रोत्याला दुरुस्ती करणारा शिष्टाचार मोडणारा वाटतो, दुरुस्ती करणाऱ्याला श्रोता खुशमस्कऱ्या वाटतो. आपापल्या जुन्या जागेचे नियम दोघेही प्रामाणिकपणे पाळत असतात.

सगळ्यांत जास्त वाद होतात ते पर्यायी शेरावरून. एखादा जाणकार तळमळीनं लिहितो, 'असं करून बघा' आणि खाली बदललेली ओळ देतो. शंभर वर्षांपूर्वी हीच ओळ टपालानं आली असती तर शागिर्दानं ती डोक्याला लावली असती. आता ती सगळ्यांना दिसते, तिच्यावर देणाऱ्याचं नाव असतं, तिलाच 'वाह' मिळू लागतात आणि मूळ कवी स्वतःच्या कवितेखाली परका होतो. ती ओळ स्वीकारावी तर श्रेय गेलं, नाकारावी तर अहंकारी ठरलो, अशी त्याची कोंडी. ओळ चांगली असूनही तो ती घेत नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही.

काही गझलकार यावर साधा मार्ग काढतात. कवितेखाली फक्त आवडलेला शेर उद्धृत करायचा, आणि खटकलेल्या ओळीविषयी कवीला वेगळा निरोप पाठवायचा किंवा सरळ फोन करायचा. तरही हाही जुनाच उपाय त्यांनी पुन्हा वापरात आणला आहे : सगळ्यांना एकच मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, द्यायचा; प्रत्येकानं त्याच जमिनीवर, म्हणजे त्याच वृत्तात आणि त्याच काफिया-रदीफात, गझल लिहायची. मग दहा जणांचे तेच काफिये शेजारी-शेजारी येतात आणि आपला शेर कुठे कमी पडला, ते बऱ्याचदा कुणी न सांगता ज्याचं त्याला दिसतं.