कौटुंबिक आपत्ती-सज्जता

भूकंप, पूर, वादळ, आग किंवा कित्येक दिवस वीज नसणे अशा प्रसंगी बाहेरची मदत येईपर्यंत घरच्या माणसांना तग धरता यावा, म्हणून आधीच करून ठेवलेली तयारी. तीत सामानाचा साठा, घरातली मांडणी, आपसांत ठरवलेल्या गोष्टी आणि सराव हे सगळे येते. प्रत्यक्षात बोलबाला होतो तो साठ्याचाच. बॅग भरली की काम झाले असे वाटते, पण ऐनवेळी घोळ होतो तो बहुधा न ठरवलेल्या गोष्टींमुळे.

ही तयारी घरापासूनच का करायची, हे १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे येथे झालेल्या भूकंपात दिसले. ढिगाऱ्यांतून जिवंत निघालेल्यांपैकी बहुसंख्यांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. मोठ्या आपत्तीत बचाव पथके एकाच वेळी सगळीकडे पोहोचू शकत नाहीत. म्हणून निदान तीन दिवस आणि जमल्यास आठवडाभर स्वतःच्या बळावर निभावण्याचा हिशेब धरतात.

त्यात सर्वांत अवघड बाब पाण्याची. माणशी दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी लागते आणि त्यातले निम्मे पिण्यासाठी. चार माणसांच्या घराला तीन दिवसांचे ४८ लिटर झाले, म्हणजे २० लिटरचे दोन कॅन भरूनही कमीच. एवढे ओझे उचलून पळता येत नाही. त्यामुळे घरात राहण्याचा साठा वेगळा आणि घर सोडताना उचलायची बॅग वेगळी ठेवावी लागते. पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळ उकळी आल्यावर आणखी १ मिनिट उकळावे. २,००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटे. रसायने किंवा इंधन मिसळलेले पुराचे पाणी मात्र कितीही उकळले तरी पिण्याजोगे होत नाही.

बॅगेत नेहमीची औषधे, प्रथमोपचाराचे साहित्य, टॉर्च, बॅटरीवरचा रेडिओ, थोडी रोकड, चष्म्याचा जादा जोड आणि कागदपत्रांच्या प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत असाव्यात. टॉर्चमध्ये सेल घालून तो वर्षभर विसरला, तर सेल पाझरून आतले पत्रे गंजतात आणि नेमक्या अंधारात टॉर्च लागत नाही. सेल शेजारी वेगळे ठेवलेले बरे. पलंगाखाली बुटांचा एक जोड ठेवणे हा उपाय क्षुल्लक वाटेल, पण रात्री भूकंप झाला की पहिली जखम होते ती अनवाणी पायाला, फुटलेल्या काचांनी.

उंच कपाटे भिंतीला पक्की करणे आणि झोपायच्या जागेच्या वर जड वस्तू न ठेवणे ही मांडणीतली मुख्य कामे. धक्के बसू लागले की खाली वाकून भक्कम टेबलाखाली डोके-मान झाकावी आणि टेबलाचा पाय धरून ठेवावा. दाराच्या चौकटीत उभे राहण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. गॅसचा नळ हाताशी असेल तर बंद करून बाहेर पडावे. जनरेटर घरात कधीच चालवू नये, बाहेरही दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर ठेवावा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. पुराच्या वाहत्या पाण्यात चालत उतरू नये आणि गाडीही घालू नये: १५ सेंटिमीटर पाण्यात माणसाचा तोल जातो, ३० सेंटिमीटरमध्ये लहान मोटार वाहून जाऊ शकते.

ठरवायच्या गोष्टी मोजक्याच: घराजवळची एक आणि वस्तीबाहेरची एक अशा भेटण्याच्या दोन जागा, मुलांना शाळेतून कोण आणणार, आजी-आजोबांना जिन्यावरून कोण उतरवणार, पाळीव प्राण्याचे काय, आणि दूरच्या गावातला एक नातेवाईक, ज्याला प्रत्येकाने आपली खबर द्यायची. कॉल लागत नसताना साधा संदेश पुष्कळदा पोहोचतो. हे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असावेत, कारण बॅटरी संपलेल्या मोबाइलमधले नंबर सहसा कुणालाच पाठ नसतात. विजेवर चालणाऱ्या वैद्यकीय उपकरणावर कोणी अवलंबून असेल, तर त्याची पर्यायी सोय आधी आणि बाकी सगळे नंतर.

सराव वर्षातून दोनदा पुरतो. एखाद्या रात्री न सांगता मेन स्विच बंद करावा आणि सगळ्यांनी दाराबाहेर पडावे. खिडकीच्या जाळीच्या कुलपाची किल्ली कुणाकडेच नाही, असे शोध अशाच वेळी लागतात. त्याच दिवशी औषधांच्या मुदती पाहाव्यात, पाणी बदलावे आणि मुलांच्या वाढलेल्या मापाचे कपडे बॅगेत घालावेत.