रेड आहे म्हणून बॅकअप नको?

‘सर्व्हरला रेड आहे, मग बॅकअपचा खर्च कशाला?’ कोकणातल्या पतसंस्थांपासून हॉटेलांपर्यंत हे अजून ऐकू येतं. साफ चूक. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत. तिच्या ‘रेड १’ या प्रकारात तोच डेटा दोन डिस्कवर लिहिला जातो. एक डिस्क गेली तरी काम अडत नाही, एवढंच. कुणी चुकून फाइल उडवली, तर ती त्याच क्षणी दोन्हीकडून उडते. रॅन्समवेअरचंही, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, तेच. आणि पाणी? जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तशा पुरात तळमजल्यावरच्या डिस्क दोन असोत की चार, बुडायच्या एकदमच.

म्हणून सिस्टिम ॲडमिन सकाळी आल्याआल्या रात्रीच्या बॅकअपचा लॉग (नोंदी) बघतो, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवतो आणि अधूनमधून एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून (रिस्टोअर करून) खरंच उघडते का ते पाहतो. हे शेवटचं काम मात्र बरेच जण टाळतात.